आधी वाचायला शिका: सॉफ्टवेअर डेव्हलपर होऊ पाहणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या नोकरीतलं पहिलं टिकेट, म्हणजे करायच्या कामाची नोंद, एका ओळीचं होतं: "काही ग्राहकांना ऑर्डरची तारीख एक दिवस आधीची दिसते." सोबत प्रोजेक्टचा कोड. शेकडो फाइली, आणि त्यातली एकही मी लिहिलेली नाही. कोरी फाइल उघडायची आणि झरझर कोड लिहीत सुटायचं, असं काहीसं चित्र डोक्यात घेऊन मी कामावर गेले होते. प्रत्यक्षात चार दिवस मी वाचत बसले, आणि शेवटी बदलल्या त्या तीन ओळी.

या व्यवसायातलं बहुतेक काम असंच असतं हे पुढे कळत गेलं. दुसऱ्याचा कोड, एरर मेसेज, लॉग (प्रोग्राम चालताना आपोआप लिहिल्या जाणाऱ्या नोंदी), डॉक्युमेंटेशन, टिकेटमध्ये ग्राहकाने नेमकं काय म्हटलं आहे ते, हे सगळं वाचण्यात दिवसाचा मोठा भाग जातो. नवख्यांसाठीचे कोर्स मात्र लिहिण्यावर भर देतात. त्यामुळे कोर्स पूर्ण केलेली हुशार मुलंमुली पहिल्या प्रोजेक्टसमोर भांबावून जातात, आणि आपल्यालाच काही येत नाही असं त्यांना वाटू लागतं. ते टाळता यावं म्हणून हा लेख. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. काहींवर मी जास्त थांबले आहे, कारण लोक तिथेच अडकताना मी पाहिले आहेत.

भाषा निवडा आणि तो विषय बंद करा

पायथॉन की जावा की आणखी काही, या प्रश्नात महिनेच्या महिने जातात. सुरुवातीला पायथॉन किंवा जावास्क्रिप्ट यांपैकी एक घ्या. ग्विडो व्हॅन रोसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पायथॉन वाचायला सोपी आहे. डेटा, ऑटोमेशन आणि बॅकएंडच्या (सर्व्हरवर, पडद्यामागे चालणाऱ्या) कामात ती जागोजागी भेटते. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत उभी केली. त्या घाईच्या काही खुणा तिच्यात आजही आहेत, पण ब्राउझरमध्ये तिच्यावाचून चालत नाही. केलेलं लगेच स्क्रीनवर दिसलं की ज्यांना हुरूप येतो त्यांनी जावास्क्रिप्ट घ्यावी. ओळखीतलं कुणी मदत करायला तयार असेल आणि ती व्यक्ती जावा किंवा सी-शार्पमध्ये काम करत असेल, तर बेलाशक ती भाषा घ्या. शंका विचारायला माणूस असणं हे भाषेच्या गुणदोषांपेक्षा फार मोठं आहे. एकदा निवडलीत की किमान सहा महिने बदलू नका.

निवडीला मी एवढं कमी महत्त्व का देते ते करून पाहा. पायथॉनमध्ये आणि जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करा. दोन्हीकडे उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. दोष भाषेचा नाही. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश जसा नेमका लिहिता येत नाही, तसा द्विमान पद्धतीत ०.१ नेमका मावत नाही, आणि दोन्ही भाषा अपूर्णांक साठवायला एकच मानक वापरतात. म्हणूनच पैशांचे हिशेब अपूर्णांकात न ठेवता चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात ठेवतात. ही समज एका भाषेत आली की दुसरीत फुकट मिळते.

व्हेरिएबल, अटी, लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी, फाइल वाचणं-लिहिणं आणि एरर हाताळणं, एवढं आलं की पाया झाला. रोज दीड-दोन तास दिले तर दोन-तीन महिन्यांत होतो. फ्रेमवर्कच्या, म्हणजे अ‍ॅप उभारायला मिळणाऱ्या तयार सांगाड्यांच्या, मागे त्याआधी लागू नका.

व्हिडिओ बंद करा आणि कोऱ्या फाइलीपासून लिहा

साहित्याची टंचाई मुळीच नाही. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५०, फ्रीकोडकॅम्प, ओडिन प्रोजेक्ट हे सगळं मोफत आहे. पायथॉनचं स्वतःचं अधिकृत ट्युटोरियल उत्तम आहे, आणि वेबसाठी मोझिलाच्या एमडीएनइतकं भरवशाचं डॉक्युमेंटेशन दुसरं नाही. अडचण साहित्य वापरण्याच्या पद्धतीत आहे. व्हिडिओ पाहताना सगळं समजतं, कारण विचार समोरचा करत असतो. व्हिडिओ संपल्यावर तेच कोऱ्या फाइलीत लिहायला बसलात की पहिल्या ओळीला हात थांबतो.

म्हणून एक धडा पाहून झाला की तो बंद करा आणि न बघता लिहा. अडलात तर अडलेल्या जागेपुरतं बघा आणि परत बंद करा. चाललं की त्यात एक बदल स्वतःच्या मनाने करा: लिस्ट उलटी छापा, रिकामी फाइल देऊन पाहा, आकड्याच्या जागी अक्षर टाका. आणि प्रत्येक वेळी प्रोग्राम चालवण्याआधी काय छापलं जाईल ते कागदावर लिहा. अंदाज चुकला तर तिथे थांबा, कारण तुमच्या समजुतीतली चूक नेमकी त्या ओळीत सापडलेली आहे. ही कागदाची सवय क्षुल्लक वाटते, पण माझ्या पाहण्यात हिच्याइतकं झपाट्याने कुणाला दुसऱ्या कशानेही पुढे नेलेलं नाही.

आता इंग्रजीबद्दल, कारण मराठी माध्यमातून आलेल्यांच्या मनात हा काटा असतो. सफाईदार इंग्रजी बोलता येणं आणि तांत्रिक इंग्रजी वाचता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सुरुवातीला दुसरी पुरते. डॉक्युमेंटेशनचं इंग्रजी साधं असतं, तेच ते दोन-तीनशे शब्द फिरून फिरून येतात. रोज एक पान वाचा, न कळलेला शब्द वहीत लिहा, आणि वाचलेल्याचा सारांश मराठीत दोन ओळींत मांडा. मराठीत मांडता आलं नाही तर ते कळलेलं नाही असं खुशाल समजा. बोलण्याचा सराव पुढे कामात होत जातो.

एरर मेसेज शेवटपर्यंत वाचा

लाल अक्षरं दिसली की नवशिक्याची नजर वळते. सगळा मजकूर उचलून शोधपेटीत चिकटवण्याआधी तो वाचायला शिका, कारण बहुतेक वेळा उत्तर त्यातच असतं. पायथॉनचा ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठून कुठे आला ते दाखवणारा मजकूर, खालून वर वाचावा: शेवटच्या ओळीत काय बिनसलं ते, आणि त्याच्या वर कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीवर ते. जावाचं उलट आहे. तिथे एररचं नाव सगळ्यात वर असतं, पण लांबलचक मजकुरात खाली "कॉज्ड बाय" अशी ओळ असेल तर खरं मूळ तिच्याजवळ सापडतं. मधल्या पन्नास ओळी लायब्ररीच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, असतात. तुमच्या स्वतःच्या फाइलीचं नाव पहिल्यांदा जिथे येतं तिथून शोध सुरू करा.

एरर न येता उत्तर चुकीचं येतं तेव्हा खरी कसोटी लागते. माझ्या तारखेच्या टिकेटवर परत येते. माझ्या मशीनवर तारीख बरोबर दिसत होती. दोन दिवस मी कोड वाचत राहिले आणि काहीच हाती लागेना. मग एका सिनियर सहकाऱ्याने विचारलं, "तक्रार करणारे ग्राहक राहतात कुठे?" पाहिलं तर सगळ्यांच्या जागा यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मागे असलेल्या टाइम झोनमधल्या. माझ्या संगणकाचा टाइम झोन बदलला, आणि बग समोर उभा राहिला. जावास्क्रिप्टला नुसती तारीख, म्हणजे वर्ष-महिना-दिवस अशा मानक रूपात, दिली की ती त्या दिवसाची यूटीसीमधली मध्यरात्र धरते, आणि दाखवताना मात्र स्थानिक घड्याळाप्रमाणे दाखवते. ज्यांचं घड्याळ यूटीसीच्या मागे, त्यांच्याकडे त्या क्षणी आदला दिवस चालू असतो.

त्या चार दिवसांनी जी पद्धत शिकवली ती अशी:

१. बग आधी स्वतःच्या डोळ्यांसमोर घडवा. घडत नसेल तर तक्रार करणाऱ्याच्या आणि तुमच्या परिस्थितीत फरक काय, ते शोधा. ब्राउझर, भाषा, वेळ, डेटा, खात्याचे अधिकार.

२. घडला की त्याला बारीक करत न्या. हजार नोंदींवर घडतो का एका नोंदीवरही? संपूर्ण पानाची गरज आहे का एका फंक्शनची?

३. एकच तर्क मांडा आणि तो खोटा ठरेल अशी चाचणी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून बग गेला, तर तो कशाने गेला ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

४. काल चालत होतं आणि आज चालत नाही, असं असेल तर मधले बदल अर्धे-अर्धे करत तपासा. हजार कमिटमधून (कमिट म्हणजे कोडमधल्या बदलाची जतन केलेली नोंद) दोषी कमिट दहाएक फेऱ्यांत सापडतो. गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात यासाठी बायसेक्ट ही आज्ञाच आहे.

५. दुरुस्ती झाल्यावर तो बग पुन्हा आला तर आरडाओरड करेल अशी टेस्ट लिहा. माझ्या त्या तीन ओळींसोबत एक टेस्ट गेली, मुद्दाम वेगळा टाइम झोन लावून चालणारी.

गिट आणि कमांड लाइन

गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, आणि आज त्याच्याशिवायची टीम सापडणं कठीण आहे. क्लोन, ब्रँच, कमिट, पुश, पुल, मर्ज एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. मर्ज कॉन्फ्लिक्टची (दोन बदल एकमेकांत अडकण्याची) भीती घालवायची असेल तर स्वतःच्याच रिपॉझिटरीत (गिट सांभाळत असलेल्या प्रोजेक्टमध्ये) दोन ब्रँच, म्हणजे कोडच्या समांतर शाखा, काढा, एकच ओळ दोन्हीकडे वेगळी लिहा आणि एकत्र करा. दोनदा केलंत की भीती जाते.

कमिट मेसेजमध्ये काय बदललं ते लिहू नका, ते कोडमध्ये दिसतंच. का बदललं ते लिहा. "तारीख दुरुस्त केली" या मेसेजचा दोन वर्षांनी कुणाला उपयोग नाही. "यूटीसीच्या मागच्या टाइम झोनमध्ये तारीख एक दिवस मागे जात होती, म्हणून तारीख वेळेशिवाय साठवली" हा मेसेज पुढच्या माणसाचे चार दिवस वाचवतो. आणि पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) कधीही कमिट करू नका. चुकून झालीच तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ पुसून काही होत नाही, ती इतिहासात राहते. ती की तात्काळ रद्द करून नवी घ्यायची, आणि टीमला सांगायचं. लपवायचं नाही.

कमांड लाइनबद्दल इतकंच: फोल्डर बदलणं, फाइल शोधणं, फाइलीतला मजकूर शोधणं आणि लॉगच्या शेवटच्या ओळी पाहणं रोजच्या सरावात आणा.

डेटाबेस: इथे घाई करू नका

फ्रेमवर्क येतात आणि जातात. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेलं रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याची पद्धत, मात्र आजही बहुतेक व्यवसायांचा डेटा सांभाळतं आहे, आणि त्याच्यावर उभी असलेली एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा शिकायला घातलेला वेळ कधीच वाया जात नाही. तरीही नवशिके ती ओझरती शिकतात याचं मला फार वाईट वाटतं. टेबल कसं पाडायचं, जॉइन, ग्रुप बाय, इंडेक्स कशासाठी आणि ट्रँझॅक्शन म्हणजे काय, हे नीट शिका. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटची सूची असं सांगतात, ते बरोबर आहे. पण प्रत्येक नवी नोंद टाकताना ती सूचीही अद्ययावत करावी लागते, म्हणून सगळ्या रकान्यांवर इंडेक्स लावून चालत नाही, हा पुढचा भाग लोक विसरतात.

एक सवय आजपासून लावा. अपडेट किंवा डिलीट चालवण्याआधी तीच "व्हेअर"ची अट घेऊन सिलेक्ट चालवा आणि किती नोंदी येतात ते पाहा. मी एकदा टेस्ट डेटाबेसवर अट न घालता अपडेट चालवलं होतं आणि सगळ्या ग्राहकांचा पत्ता एकच होऊन बसला होता. टेस्टचा डेटा होता म्हणून निभावलं, पण ट्रँझॅक्शन (गरज पडली तर परत फिरवता येणारा बदलांचा गट) सुरू न करता हात लावायचा नाही हे तेव्हापासून पक्कं झालं. मोठ्या टीमांकडूनही असं घडतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या लोकांचे कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका इंजिनियरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला, आणि त्यानंतर लक्षात आलं की बॅकअपच्या अनेक सोयी प्रत्यक्षात चालतच नव्हत्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं जाहीरपणे, तपशीलवार लिहिलं. अशी अपघातोत्तर टिपणं वाचा. बॅकअप परत चढवून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये, हे कोर्समध्ये कळतं खरं, पण अशा टिपणांत वाचल्यावर ते विसरता येत नाही.

एक प्रोजेक्ट, पण शेवटपर्यंत

कामांची यादी, हवामान दाखवणारं पान, कॅल्क्युलेटर असे दहा अर्धवट प्रोजेक्ट करण्यापेक्षा एक पूर्ण करा. पूर्ण म्हणजे, तुमच्याखेरीज कुणीतरी तो वापरतं आहे. घरच्या पुस्तकांची देवघेव नोंदवणं असो, एखाद्या गटाच्या पाळ्या लावणं असो, विषय किती लहान आहे याने काही बिघडत नाही. दुसरं माणूस वापरायला लागलं की प्रश्न आपोआप येतात: पासवर्ड विसरला तर काय, एकाच वेळी दोघांनी नोंद बदलली तर काय, मोबाइलवर बटण दिसत नाही त्याचं काय. ट्युटोरियलमध्ये यातलं काहीच नसतं, आणि नोकरीत हेच असतं.

मराठी नावं टाकून पाहा, लगेच काहीतरी शिकाल. "नमस्ते" या शब्दाची लांबी किती? आपण वाचताना तीन अक्षरं मोजतो: न, म, स्ते. पायथॉन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही सहा सांगतात, कारण युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात) स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा हे वेगवेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) साठवलं तर त्याचे अठरा बाइट होतात, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. आता नावाच्या रकान्याला "जास्तीत जास्त वीस" अशी मर्यादा घातलीत तर वीस काय? हा प्रश्न ज्याला पडला तो डेव्हलपर होऊ लागला आहे असं मी मानते.

प्रोजेक्ट सर्व्हरवर चढवा, खरा पत्ता मिळवा. रीडमी फाइलीत तो काय करतो, कसा चालवायचा आणि त्यात काय अजून नीट चालत नाही, हे लिहा. मग ती एखाद्या मित्राला द्या आणि तो चालवताना गप्प बसून पाहा. तो जिथे अडेल तिथे तुमचं लिखाण अपुरं आहे.

हे झाल्यावर दुसऱ्याच्या घरात शिरा. तुम्ही वापरता त्या एखाद्या ओपन सोर्स लायब्ररीचा कोड उघडा, आणि एका फंक्शनचा माग शेवटपर्यंत काढा. गिटहबवर अनेक प्रोजेक्टांत नवख्यांसाठी "गुड फर्स्ट इश्यू" असं लेबल लावलेली कामं असतात. तिथे नुसतं एक चुकीचं उदाहरण दुरुस्त केलंत, तरी अनोळखी कोड, तिथले नियम आणि रिव्ह्यू (इतरांनी कोड तपासणं) या तिन्हींचा अनुभव मिळतो.

रेझ्युमे आणि इंटरव्ह्यू

रेझ्युमे एक पानाचा. त्यात लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. येत नसेल तो शब्द काढून टाका. कौशल्यांपुढे पाचपैकी चार तारे काढण्यात काही अर्थ नाही. "पाळ्या लावणारं अ‍ॅप बनवलं" याऐवजी कोण वापरतं, काय अडचण आली आणि ती कशी सोडवली, हे दोन ओळींत लिहा.

डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम टाळता येणार नाहीत. अ‍ॅरे, हॅश टेबल, स्टॅक, क्यू, ट्री, ग्राफ, सॉर्टिंग आणि बायनरी सर्च एवढं नीट करा. दहा लाख क्रमवार नोंदींत एकेक करत शोधलं तर वाईटात वाईट दहा लाख पावलं पडतात, बायनरी सर्चने वीस. हा फरक एकदा मनात रुतला की बिग-ओ (इनपुट वाढलं की काम किती वाढतं ते मोजायची रीत) हे पाठ करायचं प्रकरण राहत नाही. शेकडो प्रश्न घोकण्यापेक्षा पन्नास-साठ प्रश्न असे सोडवा की आठवड्याने परत दिले तरी सुटतील.

इंटरव्ह्यूत प्रश्न ऐकताच लिहायला सुरुवात करू नका. तो स्वतःच्या शब्दांत परत सांगा. इनपुट रिकामं असू शकतं का, आकडे ऋण असू शकतात का, तेच ते मूल्य पुन्हा येऊ शकतं का, हे विचारा. आधी सरळ, संथ उपाय बोलून दाखवा, मग तो कुठे वेळ खातो ते सांगा. बोलत बोलत विचार करणं ही सरावाची गोष्ट आहे, म्हणून घरी एकटे असतानाही मोठ्याने बोलून सोडवा. एखादी गोष्ट माहीत नसेल तर "हे मी वापरलेलं नाही, पण अंदाज असा आहे" म्हणा. मी आता समोरच्या खुर्चीत बसते तेव्हा या वाक्याचं वजन मला कळतं. थापा दोन प्रश्नांत उघड्या पडतात.

नकार येतील, पुष्कळ येतील, आणि अनेकदा कारणही कळणार नाही. प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर त्याच दिवशी विचारलेले प्रश्न वहीत उतरवा आणि न आलेले सोडवा. पहिलं दार डेव्हलपरच्याच नावाचं असलं पाहिजे असंही नाही. टेस्टिंग किंवा सपोर्टमधून आलेले लोक बग वाचण्यात इतरांच्या पुढे असतात. नोकरी देण्यासाठी कुणी पैसे मागितले तर मात्र तिथेच बोलणं थांबवा.

एआयचं काय करायचं

कोड सुचवणारी साधनं काही वर्षांपासून आणि चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरपासून लोकांच्या हाती आहेत. ती वापरू नका असं मी म्हणणार नाही, तुमची टीम बहुधा वापरतच असेल. पण पाया घालण्याच्या काळात त्यांच्याकडून कोड लिहून घेऊ नका. स्वतः लिहिलेला कोड द्या आणि त्यात काय चुकू शकतं ते विचारा. न कळलेलं फंक्शन समजावून घ्या, आणि ते समजावणं खरं आहे का हे डॉक्युमेंटेशनमध्ये पडताळा. अस्तित्वातच नसलेलं फंक्शन ही साधनं पूर्ण आत्मविश्वासाने सांगतात.

नोकरीत नियम साधा ठेवा: समजावून सांगता येत नाही अशी एकही ओळ कमिट करायची नाही. रिव्ह्यूमध्ये "हे असं का?" असं विचारल्यावर "एआयने दिलं" हे उत्तर चालत नाही, कारण कमिटवर नाव तुमचं आहे. यंत्र भराभर लिहू लागल्यापासून वाचून पारखणाऱ्याचं काम वाढलं आहे.

नोकरीतले पहिले महिने

प्रोजेक्ट सगळा समजल्यावर काम सुरू करू असं ठरवाल तर कधीच सुरू होणार नाही. एक बटण धरा आणि त्याचा माग काढा: क्लिक झाल्यावर कुठलं फंक्शन, कुठली रिक्वेस्ट, सर्व्हरवर कुठली फाइल, डेटाबेसमध्ये कुठली क्वेरी. कागदावर बाण काढा. असे पाच-सहा माग काढलेत की नकाशा उभा राहतो. एखादी ओळ विचित्र वाटली तर ती पुसण्याआधी गिट ब्लेमने ती कुठल्या कमिटमध्ये आली ते पाहा. विचित्र ओळींमागे बऱ्याचदा एखादा जुना बग असतो.

प्रश्न विचारायला लाजू नका, पण विचारण्याची रीत सांभाळा. अर्धा-पाऊण तास स्वतः झगडा, मग विचारा, आणि विचारताना काय करायचं आहे, काय केलं, काय अपेक्षित होतं आणि काय झालं हे चारही सांगा. असं लिहिता लिहिता निम्मे प्रश्न पाठवण्याआधीच सुटतात. मिळालेलं उत्तर लिहून ठेवा. एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की सहकाऱ्याचा धीर सुटतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्यावा ही विनंती, लहान ठेवा. दोनशे ओळींची लोक वाचतात. दोन हजार ओळींची कुणी खरं वाचत नाही, नुसती मंजूर करतं. तुमच्या कोडवर वीस शेरे आले तर मनाला लागेल, मलाही लागायचं. त्यातले नावं, मांडणी असे शेरे पुढच्या वेळी आधीच सुधारून द्या आणि समजुतीचे शेरे समोर बसून विचारून घ्या. दोन-तीन महिन्यांत संख्या उतरते. आणि इतरांच्या पुल रिक्वेस्ट वाचा, तुम्हाला रिव्ह्यूला लावलेलं नसलं तरी.

काम कधी होईल असं विचारलं तर घाबरून लहान आकडा सांगू नका. तुकडे पाडा, प्रत्येकाचा अंदाज द्या, आणि ज्या तुकड्याबद्दल काहीच माहीत नाही त्याचं नाव घेऊन सांगा. उशीर होतो आहे हे ठरल्या दिवशी संध्याकाळी कळवण्यापेक्षा दोन दिवस आधी कळवलंत, तर लोक पुढची व्यवस्था करू शकतात.

दोन-तीन वर्षांनंतर

इथून वाटा फुटतात: फ्रंटएंड, बॅकएंड, मोबाइल, डेटा, क्लाउड, सुरक्षा. एकात खोल जा, आणि शेजारच्या दोघांची भाषा समजेल इतकं शिकून ठेवा. वाट कुठलीही असो, तीन गोष्टी लागतातच. टेस्ट लिहिणं. सुरक्षेचं भान, म्हणजे बाहेरून आलेल्या कुठल्याही मजकुरावर विश्वास न ठेवणं. आणि साधं, नेमकं गद्य लिहिणं, कारण मोठे निर्णय आधी दस्तऐवजात लिहिले जातात, कोडमध्ये नंतर उतरतात.

नोकरी कधी बदलावी असं मला सारखं विचारलं जातं. मी उलट विचारते: गेल्या सहा महिन्यांत नवं काय केलंस? उत्तर द्यायला फार वेळ लागला तर आधी आतल्या आत वेगळं काम मागून पाहावं, आणि नाही मिळालं तर निघावं. मात्र स्वतः लिहिलेला कोड दोन वर्षांनी दुरुस्त करायला लागणं हे शिक्षण दर सहा महिन्यांनी जागा बदलणाऱ्याला मिळत नाही.

आमच्या टीममध्ये नवीन कुणी आलं की मी पहिल्या दिवशी प्रोजेक्ट उभा करण्याच्या सूचनांची फाइल हातात देते आणि सांगते की जिथे लिहिल्याप्रमाणे घडणार नाही तिथे थांब, कारण शोध आणि ती ओळ दुरुस्त कर. ती फाइल कुठे ना कुठे जुनी झालेली असतेच. संध्याकाळपर्यंत त्यांची पहिली पुल रिक्वेस्ट येते, चार-पाच ओळींची, आणि दुसऱ्या दिवशी तारखांच्या कोडमधलं एखादं छोटं टिकेट मी त्यांच्या नावावर लावते.